कविता पाठ कशी करावी आणि केलेली कशी टिकवावी

कविता पाठ करायला घेतली की पहिली चूक होते ती निवडीत. हौसेने एकदम मोठं काम अंगावर घेतलं जातं, मनाच्या श्लोकांचे सगळे २०५ श्लोक किंवा अख्खा हरिपाठ, आणि चौथ्या दिवशी वही बंद होते. सुरुवात चार कडव्यांच्या एका अभंगाने करा. अर्थ कळणारा असावा, कानाला थोडाफार ओळखीचा असावा. तुकोबांचा ‘सुंदर तें ध्यान’ या कामाला फार चांगला. एका संध्याकाळी पाठ होतो आणि जन्मभर पुरतो.

सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां ॥
तुळसीहार गळां कासे पीतांबर । आवडे निरंतर तेंचि रूप ॥
मकरकुंडलें तळपती श्रवणीं । कंठीं कौस्तुभमणि विराजित ॥
तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें ॥

पाठ करण्याआधी बोटांवर अक्षरं मोजा. मोठ्या अभंगाचा साचा ठरलेला असतो: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. ‘सुंदर तें ध्यान’ सहा, ‘उभें विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनियां’ चार. पहिलं आणि शेवटचं कडवं या साच्यात तंतोतंत बसतं. मधल्या दोन कडव्यांत मात्र ‘तुळसीहार गळां’, ‘आवडे निरंतर’, ‘तळपती श्रवणीं’, ‘कंठीं कौस्तुभमणि’ हे चरण सात अक्षरांचे आहेत. तिथे एक अक्षर किंचित चेपून म्हणावं लागतं. अभंग हा म्हणायचा छंद आहे, एवढी ढिलाई त्यात चालते. जिथे अक्षर जास्त आहे तिथेच नवशिका अडखळतो, म्हणून त्या चार जागा आधीच पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

आता नजर कुठून कुठे जाते ते पाहा. विटेपासून सुरुवात होते. तिथून कमरेवरच्या हातांवर, मग गळ्यातला तुळशीहार आणि कासेचा पीतांबर, मग कानातली कुंडलं, कंठातला कौस्तुभ, आणि अगदी शेवटी मुख. मूर्तीपुढे उभं राहून डोळे सावकाश वर नेले की कडव्यांचा क्रम आपोआप लागतो. हा क्रम एकदा दिसला की तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी येणं शक्यच नाही. आणि ‘पाहीन’ हे क्रियापद शेवटच्या ओळीत का आलं तेही तेव्हाच उमगतं: तोवर सगळं दिसलेलं आहे, चेहरा पाहायचा राहिलाय.

नुसत्या वाचनात हे सहसा हाती लागत नाही. वाचताना डोळा पुढे पळतो. पाठ करताना प्रत्येक वळणावर ‘आता पुढे काय?’ असं स्वतःला विचारावं लागतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना कवितेची बांधणी कळत जाते. म्हणून आमचा आग्रह असा की जी कविता मनापासून आवडली ती पाठ करावी, तिचं पूर्ण वाचन तिथेच होतं.

आधी नीट वाचन

दुसरी कविता जरा लांब घ्या. इथे बालकवींची ‘श्रावणमासी’ घेऊ. दहा कडवी, प्रत्येकी दोन ओळी, म्हणजे वीस ओळी. शाळेत बहुतेकांनी वाचलेली असते आणि बहुतेकांना पहिल्या चार ओळी येतात, तेवढ्यावर गाडी थांबते.

पहिल्या दिवशी पाठ करू नका. तीन वेळा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारत. मग अर्थ लावा. ‘शिरवे’ म्हणजे पावसाच्या सरी. ‘जलद’ म्हणजे ढग, ‘संध्याराग’ म्हणजे सांजवेळचे रंग, ‘बलाकमाला’ म्हणजे बगळ्यांची रांग, ‘अवनी’ म्हणजे जमीन, ‘विपिनी’ म्हणजे वनात, ‘पुरोपकंठी’ म्हणजे गावाच्या शिवेलगत. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजूनही उपयोगी पडतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची, आणि तो इंटरनेटवर मोफत चाळता येतो.

शब्दाखेरीज संदर्भही लागतो. ‘पारिजातही बघता भामा रोष मनीचा मावळला’ या ओळीमागे सत्यभामेच्या रुसव्याची आणि पारिजातकाची कथा आहे. ती माहीत नसेल तर ही ओळ हमखास निसटते, कारण डोक्यात तिला धरायला काहीच नसतं. न कळलेली ओळ लक्षात राहत नाही आणि राहिली तरी मोडकी राहते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्मरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्याने निरर्थक अक्षरगट आणि बायरनच्या कवितेची कडवी अशा दोन्ही गोष्टी स्वतः पाठ करून पाहिल्या. कवितेला सुमारे एक दशांश श्रम लागले. अर्थ, लय आणि यमक मिळून एवढी मदत करतात. अर्थ सोडून घोकणारा माणूस ही सगळी मदत नाकारून दहापट ओझं उचलत असतो.

तिसऱ्या वाचनात कवितेचे टप्पे पाडा. या कवितेत पाऊस आणि इंद्रधनुष्य (कडवी १ व २), मावळतीचा उजेड आणि आकाशातले रंग (३ व ४), बगळे, पाखरं आणि हरिणी (५ व ६), गुरं आणि गुराखी (७), फुलं (८), फुलं खुडणाऱ्या मुली (९), देवळाला निघालेल्या बायका (१०). आकाशातून रानात आणि रानातून माणसांत असा हा उतार आहे. आणि शेवटी कवी म्हणतो की त्या बायकांच्या चेहऱ्यावर श्रावणाचं गीत वाचून घ्यावं. तुकोबांची नजर विटेवरून वर चढत मुखापाशी थांबली, बालकवींची ढगांतून खाली उतरत मुखापाशी येऊन थांबली. दोन्ही कविता पाठ असल्या की कधीतरी भाजी निवडताना त्या अशा शेजारी-शेजारी येऊन बसतात.

हाताने ताल धरा

मात्रा मोजायला शिकायला दहा मिनिटं पुरतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर त्याआधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन (‘हर्ष’मधला ‘ह’). आता ही ओळ:

श्रावणमासी | हर्ष मानसी | हिरवळ दाटे | चोहिकडे
क्षणात येते | सरसर शिरवे | क्षणात फिरुनी | ऊन पडे

आठ, आठ, आठ, सहा. एकूण तीस मात्रा. मांडीवर हळू टाळी देत म्हणा, शेवटच्या सहा मात्रांनंतर दोन मात्रांची विश्रांती आपोआप पडते, तिथेच श्वास घ्यायचा.

हा ताल म्हणजे चूक पकडणारा पहारेकरी आहे. ‘शिरवे’ शब्द आठवला नाही म्हणून कुणी ‘सरसर सरी’ म्हटलं तर अर्थ तोच राहतो, पण चाराच्या जागी तीन मात्रा होतात आणि ओळ लंगडते. कान लगेच सांगतो की इथे काहीतरी हरवलं. तसंच ‘चोहीकडे’ असं दीर्घ लिहिण्याची आज सवय आहे, पण इथे ‘चोहिकडे’ असा ऱ्हस्वच हवा, नाहीतर सहाच्या सात होतात. पुढे ‘नभोमंडपी कुणि भासे’ आणि ‘गोपहि गाणी गात फिरे’ इथेही तेच. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतींत ‘कुणी’, ‘गोपही’ असं शुद्ध करून टाकलेलं असतं. गद्यात ते शुद्ध, इथे ते चूक. म्हणून पाठासाठी छापील पुस्तकातली प्रत घ्या, आणि एकदा घेतलेली प्रत बदलू नका. अभंगांच्या बाबतीत हे जास्तच पाळावं लागतं. गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत पाठभेद आहेत, दोन प्रतींतून शिकलेला अभंग ऐन वेळी दोन्हींच्या मधोमध अडकतो.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा क्रमच ठरलेला असतो अशा वृत्तात, ताल आणखी पक्का असतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ अशी तीन अक्षरं, ओळीत चार वेळा. ‘गणाधी । श जो ई । श सर्वां । गुणांचा’. बारा अक्षरांत चूक लपवायला जागाच नाही. मोरोपंतांच्या केकावलीतलं ‘सुसंगति सदा घडो सुजनवाक्य कानीं पडो’ हे पृथ्वी वृत्तात, सतरा अक्षरांची ओळ, आठव्या अक्षरानंतर यति. ‘घडो’वर थांबलं नाही तर दम संपतो आणि शेवटचा ‘पडो’ गिळला जातो.

पाठ करण्याची रोजची रीत

रोज वीस ते पंचवीस मिनिटं द्या, त्यापेक्षा जास्त वेळ बसून फायदा होत नाही. दिवसाला दोन कडवी, म्हणजे चार ओळी. ‘श्रावणमासी’ला पाच दिवस, शिवाय सांधे पक्के करायला दोन दिवस.

पुस्तकात पाहून एक ओळ दोनदा मोठ्याने म्हणा. पुस्तक पालथं घाला. आता न पाहता म्हणा. अडलं तर लगेच पुस्तक उघडू नका, दहा आकडे मोजेपर्यंत आठवायचा प्रयत्न करा, मग फक्त अडलेला शब्द पाहा आणि ओळ सुरुवातीपासून पुन्हा म्हणा. ओळीला ओळ जोडत चार ओळी झाल्या की त्या चार ओळी तीन वेळा न पाहता. एवढंच.

पुस्तक पालथं घालणं हा या रीतीचा प्राण आहे. पंधरा वेळा पाहून वाचलं की ‘आलं’ असं वाटतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे पुढे गेले. आपल्याला पाच मिनिटांनी कुठे कविता हवी आहे? वीस वर्षांनी हवी आहे.

दुसऱ्या दिवसासाठी अक्षरांची चिठ्ठी करा. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं लिहायचं: ‘श्रा ह मा हि दा चो / क्ष ये स शि क्ष फि ऊ प’. ही चिठ्ठी खिशात ठेवली की रेल्वेत, रांगेत, बसथांब्यावर सराव होतो. ती पूर्ण मजकूर दाखवत नाही, नुसतं बोट धरून नेते. तीन दिवसांनी ती फाडून टाका, नाहीतर तिचीच सवय लागते.

चालणं हा याहून मोठा मदतनीस. या कवितेत दोन मात्रांना एक पाऊल टाकलं तर विश्रांती धरून एका ओळीला सोळा पावलं होतात, अख्ख्या कवितेला तीनशेवीस. बेताच्या चालीने तीन-सव्वातीन मिनिटं. सकाळच्या अर्ध्या तासाच्या फेरीत कविता पाच-सहा वेळा म्हणून होते आणि घोकल्यासारखं वाटतही नाही. पाऊल चुकलं तर समजा शब्द चुकला.

रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची मात्र नाही. तसं केलं की पहिलं कडवं शंभरदा म्हटलं जातं आणि दहावं पाचदा. लोकांना कवितांच्या सुरुवातीच येतात त्याचं कारण हेच. नव्या कडव्यांनी सुरुवात करा, मागची नंतर म्हणा. सहाव्या दिवशी तर सहाव्या कडव्यापासून शेवटापर्यंत आधी म्हणा, मग पहिल्यापासून. ‘श्रावणमासी’च्या शेवटच्या कडव्याला जादा मेहनत द्यावी लागते, त्याचं आणखी एक कारण आहे. तिथलं यमक सैल आहे: ‘हृदयात’ आणि ‘गीत’. आधीच्या कडव्यांत ‘विणलासे–भासे’, ‘दरवळला–मावळला’ अशी घट्ट यमकं पुढची ओळ ओढून आणतात, इथे नुसता ‘त’ उरतो. शिवाय दोन्ही ओळींच्या शेवटी एक मात्रा कमी आहे, ती आवाज लांबवून भरायची.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त घात करतात ते फाटे. दुसरी ओळ संपते ‘ऊन पडे’ने. सहावी ओळ संपते ‘पिवळे पिवळे ऊन पडे’ने. पहिलं कडवं म्हणून झालं की जीभ सवयीने सहाव्या ओळीच्या पुढे निघून जाते, ‘उठती वरती जलदांवरती’ सुरू होतं, आणि इंद्रधनुष्य व सूर्यास्त दोन्ही गाळले जातात. म्हणणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण ताल बिघडलेला नसतो. दुसरा फाटा ‘सुंदर’चा: सहाव्या कडव्यात ‘सुंदर हरिणी’, नवव्यात ‘सुंदर परडी’ आणि लगेच ‘सुंदर बाला’. फाट्यावर उपाय एकच. दोन्ही जागा शेजारी लिहा आणि फरकावर बोट ठेवा. पहिलं ऊन ‘फिरुनी’ येतं, त्यानंतर वर पाहायचं: ‘वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे’. दुसरं ऊन ‘पिवळे’, ते सांजेचं, म्हणून त्यानंतर संध्याराग. कारण कळलं की जीभ वाट चुकत नाही.

सांध्यांचं दुखणं वेगळं. प्रत्येक कडवं सुटं येतं, पण एक संपल्यावर पुढचं सुचत नाही. वेदपाठाच्या परंपरेत क्रमपाठ नावाची रीत आहे, त्यात पहिलं पद दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी असं साखळीने जोडत म्हणतात. कवितेला हीच साखळी लावा: पहिल्या कडव्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली, दुसऱ्याची शेवटची आणि तिसऱ्याची पहिली. नऊ सांधे, प्रत्येकी तीन वेळा. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते टाळणाऱ्याची कविता कायम तुकड्यातुकड्यांत राहते.

पहिल्याच दिवशी चुकीचा शब्द बसला तर तो उपटणं नवी ओळ शिकण्यापेक्षा अवघड जातं. म्हणून पहिले दोन दिवस अंदाजाने ठोकून देऊ नका, दहा आकडे मोजूनही अडलंच तर पाहा. चूक सापडली तर बरोबर शब्द त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शब्दासकट दहा वेळा म्हणा, सुटा नको.

चालीवर शिकलेल्या कवितेचा प्रश्न निराळा. गाण्यामुळे ओठांवर आलेली कविता चालीशिवाय बोलून दाखवता येत नाही, आणि ध्वनिमुद्रणात पुष्कळदा सगळी कडवी घेतलेली नसतात, त्यामुळे आपल्याला अर्धीच कविता येते आणि ती पूर्ण वाटते. पुस्तक उघडून ताडून पाहा. मग चाल बाजूला ठेवून, साध्या बोलण्याच्या आवाजात, अर्थाप्रमाणे थांबत म्हणा. ‘पसायदान’ असं एकदा म्हणून बघाच. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे चालीत सहज वाहून जातं. बोलताना ‘व्यंकटी’वर थांबलं की लक्षात येतं: दुष्ट माणूस नाहीसा व्हावा असं मागणं नाही, त्याचा वाकडेपणा गळून पडावा एवढंच आहे, आणि पुढच्याच चरणात त्याला सत्कर्माची गोडी वाढो म्हटलंय. नऊ ओव्यांची ही प्रार्थना पोरवयापासून म्हणणाऱ्यांनाही पुष्कळदा ती अशी बोलून पाहिल्यावरच नवी भेटते.

वेगाने म्हणणं ही जुनी खोड, परवच्यातून आलेली. पाढ्यांच्या रांगेत श्लोकही धावायचे. पाठ आहे हे सिद्ध करायला वेग चालतो, कवितेला चालत नाही.

मुक्तछंदातली कविता पाठ करायची असेल तर ती पाचवी-सहावी घ्या, पहिली नको. तिथे यमकाचा हात नाही, मात्रांचा पहारा नाही. तिथे ओळ कवीने कुठे तोडली आहे ते पाहा आणि प्रत्येक तोडीवर खरंच थांबा. मग प्रतिमांचा सांगाडा करा, एका प्रतिमेला एक शब्द, आणि तो सांगाडा आधी पाठ करा. वेळ दुप्पट धरा.

टिकवायची कशी

कविता पूर्ण आली की दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी आणि महिनाअखेरीस न पाहता म्हणा. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. प्रत्येक वेळी थोडं विसरायला आलेलं असताना आठवणं हाच टिकण्याचा उपाय आहे, रोज म्हटल्याने ते घडत नाही. एखाद्या खेपेला जास्त अडलं तर त्या कवितेची मोजणी पुन्हा तिसऱ्या दिवसापासून सुरू करा.

वर्षाला बारा कविता हा माफक बेत. त्यात चार-पाच अभंग, पसायदान, एखादी आर्या, दोन-तीन लांब कविता, एखादी आपल्या बोलीतली. वहीत प्रत्येकीला एक पान, वर पहिली ओळ आणि खाली म्हटल्याच्या तारखा. संपूर्ण कविता वहीत उतरवायचीच असेल तर आठवून उतरवा, मग पुस्तकाशी ताडून लाल पेनाने चुका दुरुस्त करा. ते लाल शब्दच पुढच्या खेपेला सांभाळायचे. आणि कवितेला रोजचं एखादं काम जोडून द्या: चहा उकळेपर्यंत एक अभंग, जिना चढताना एक श्लोक. जात्याशी ओवी अशीच बांधलेली होती, दळण सुरू झालं की ओवी यायची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकामात आणि शेतात त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकात आली.

पक्की झाली का हे तपासायची सोपी कसोटी: दुसऱ्याला मधलीच कुठली तरी ओळ म्हणायला सांगा आणि तिथून पुढे जा. आणखी कडक कसोटी हवी असेल तर भांडी घासताना म्हणा. हात गुंतलेले असताना न अडखळता आली तर ती आपली झाली.

रात्री झोप येत नसेल तेव्हा कविता ओठ न हलवता, अगदी सावकाश म्हणा, ओळीला एक श्वास. दिवाही लागत नाही, पुस्तकही नाही. इस्पितळाच्या बाकावर, लांबच्या प्रवासात, दुखवट्याच्या घरात जिथे काय बोलावं कळत नाही, तिथे अशा वीस ओळी जवळ असणं फार मोठा आधार असतो. हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. ज्यांच्याजवळ असतात त्यांना ठाऊक आहे.

मुलं आणि म्हातारी माणसं

लहान मुलाला पाठ करायला बसवू नका. झोपताना रोज तेच चार चरण आपण म्हणायचे, आठ-दहा दिवस. मग शेवटचा शब्द म्हणायचा राहू द्या आणि थांबा. मूल तो भरतं. मग शेवटचे दोन शब्द, मग अख्खी ओळ. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ हा हट्ट टाळा, त्याने कविता आणि धास्ती कायमची एकत्र बांधली जातात.

परदेशात वाढणाऱ्या मुलांना देवनागरी सावकाश वाचता येते म्हणून पुष्कळ घरांत रोमन लिपीत लिहून देतात. त्यात ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ऱ्हस्व आणि दीर्घ सगळं एक होतं, ‘हिरवळ’चं ‘हिरवल’ होतं आणि मग ते सुधारत नाही. त्यापेक्षा आजी-आजोबांच्या आवाजात दोन-दोन ओळींची ध्वनिफीत करून घ्या. आधी कान, मग अक्षर.

विस्मरण होत चाललेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं खुंटतं तेव्हा त्यांच्या बालपणीचा एखादा श्लोक हळू आवाजात सुरू करा आणि अर्ध्यावर थांबा. नातवाचं नाव न आठवणारं माणूसही कधीकधी ‘गणाधीश जो ईश’ पुरा करतं. पाच-सहा सेकंद वाट पाहा, घाई करू नका. चुकीचा शब्द आला तर दुरुस्त करू नका, तोच धरून पुढे म्हणा. आणि त्यांना येणारे, कुठे छापलेले नसलेले श्लोक आणि ओव्या तेव्हाच टिपून ठेवा, तारीख आणि गाव घालून, त्यांच्याच उच्चारात.

सुरुवात कधी करावी असं विचाराल तर आषाढी एकादशीला. त्या दिवशी ‘सुंदर तें ध्यान’. द्वादशीला ‘श्रावणमासी’चं पहिलं वाचन, मग पाच दिवस कडवी, दोन दिवस सांधे. नंतरच्या पहिल्या तीन उजळण्या आषाढी अमावास्येच्या आत आटोपतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो.